घरी योगासनं करायची तर कोणते व्हिडिओ, कोणती पुस्तकं, कोणाचं ऐकायचं?

रानजाई
आमच्या चिपळूणमधला योगवर्ग गेल्या महिन्यात बंद झाला. बाई लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या आणि आता तिथेच राहणार आहेत. त्यांच्याकडे काही वर्षं शिकले, त्यामुळे पाटी अगदी कोरी नाही. ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन, शलभासन, वक्रासन, अनुलोम-विलोम एवढं नीट येतं. सूर्यनमस्कारही येतात.

आता घरी करायचं म्हणून यूट्यूब उघडलं तर नुसता पूर. 'सात दिवसांत पोट सपाट', 'थायरॉइड मुळापासून बरा', 'फक्त हे एक आसन करा'. एका व्हिडिओत बाई पाच मिनिटांत ढीगभर आसनं उरकतात, दुसऱ्यात महाराज वीस मिनिटं बोलतात आणि मग एक आसन दाखवतात. सकाळी पावणेसहा ते साडेसहा एवढाच वेळ माझा असतो, त्यातला बराचसा शोधाशोधीत जातो.

माझं वय 44, बँकेत खुर्चीवरची नोकरी, मान आखडते. मानेचे मणके थोडे झिजलेत असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई 71 च्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसून उठता येत नाही, पण माझ्यासोबत काहीतरी करायची फार इच्छा आहे. दोघींना चालेल असं काही आहे का? त्यांना इंग्रजी कळत नाही, भरभर बोललेलं हिंदीही नाही. नुसती नावं नकोत, तुम्ही स्वतः काय वापरता आणि ते का निवडलंत, हे लिहा.

सोनटक्का
छान विषय. वाचतेय.

कल्याण_जलद
मी आयुष मंत्रालयाचा 'सामान्य योग अभ्यासक्रम' करतो. 21 जूनला मैदानावर सगळे एकत्र करतात ना, तोच. 2015 साली पहिला योग दिन झाला तेव्हापासून आहे. साधारण 45 मिनिटांचा, फुकट, शिवाय पुस्तिकाही मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

निवडायचं कारण सरळ आहे. क्रम ठरलेला आहे. आधी मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करायचे. मग उभ्याने ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन, अर्धचक्रासन, त्रिकोणासन. मग बैठी, मग पोटावरची, मग पाठीवरची आसनं, शवासन. शेवटी कपालभाती, नाडीशोधन, शीतली, भ्रामरी आणि ध्यान. रोज तेच असल्यामुळे आज काय करू हा प्रश्नच उरत नाही. लोकलने जाणाऱ्या माणसाला सकाळी डोकं चालवायला वेळ नसतो.

तुमच्या बँकेसाठी त्यांचाच पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' पण बघा. खुर्चीतून उठून खांदे, मान, कंबर हलवून परत कामाला.

पेठकर
मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. व्हिडिओवरून आसन शिकता येत नाही. पाहता येतं, आठवता येतं, पण शिकता येत नाही. पडद्यावरची बाई तुम्हाला दिसते, तुम्ही तिला दिसत नाही.

त्रिकोणासनच घ्या. व्हिडिओत हात खाली घोट्यापाशी गेलेला दिसतो, म्हणून लोक हात खाली नेतात. त्या नादात वरचा खांदा पुढे पडतो, पुढच्या पायाचा गुडघा आत वळतो, कंबर मागे जाते. करणाऱ्याला वाटतं आपण पार खाली पोचलो. शिक्षक असेल तर तो हाताखाली वीट ठेवतो, मागच्या पायाची टाच दाबायला सांगतो, आणि तेच आसन छातीतून उघडतं. हे पडदा करू शकत नाही.

मी अय्यंगार पद्धतीत शिकतो. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले आणि 2014 मध्ये जाईपर्यंत इथेच शिकवत राहिले. वीट, पट्टा, लोड, खुर्ची, भिंतीवरचा दोर ही सगळी साधनं त्यांनी आणली ती ज्याचं शरीर वाकत नाही त्यालाही आसनाचा लाभ मिळावा म्हणून. त्यांचं 1966 चं पुस्तक मराठीत 'योगदीपिका' नावाने मिळतं. त्यात 600 च्या आसपास छायाचित्रं आहेत, प्रत्येक आसनाला किती अवघड आहे त्याचा आकडा दिलाय आणि मागे 300 आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. व्हिडिओपेक्षा ते पुस्तक उघडं ठेवून करा असं मी म्हणेन. छायाचित्र थांबून राहतं, तुम्हाला घाई करत नाही.

जाई_ऑस्लो
पेठकर, तुमचं म्हणणं पुण्यात बसून बरोबर आहे. इथे हिवाळ्यात सकाळी नऊ वाजेपर्यंत अंधार असतो, बाहेर बर्फ, आणि जवळचा वर्ग बसने तासाभरावर, तोही नॉर्वेजियनमध्ये. व्हिडिओ नसता तर माझा योग बंदच पडला असता.

मी एड्रियन मिशलर यांच्या व्हिडिओंवर सुरुवात केली. त्या टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या, 2012 पासून यूट्यूबवर आहेत. दर जानेवारीत महिनाभर रोज एक व्हिडिओ अशी मालिका असते. आवडलं ते असं की त्या कुठेही ओढून-ताणून करायला लावत नाहीत. गुडघे वाकवा, हात पोचत नसेल तर राहू द्या, आज थकला असाल तर नुसते पडून राहा, असं सतत सांगतात. घाबरलेल्या नवख्या माणसाला त्याचा फार आधार वाटतो.

उणीवही सांगते. सगळं इंग्रजीत आहे. एका स्थितीतून दुसरीत वाहत जाण्यावर भर असल्यामुळे एखाद्या आसनात मिनिटभर थांबायचं असेल तर व्हिडिओ थांबवावा लागतो. प्राणायाम आपल्याला हवा तेवढा नाही. आई इथे येते तेव्हा तिला हे अजिबात झेपत नाही. ती सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटचे व्हिडिओ लावते. हिंदी आहे, पण सावकाश बोललेलं. ती संस्था 1918 पासूनची आहे. साधेपणाने सांगतात, घरातल्या माणसाने सांगावं तसं. रानजाई, तुझ्या सासूबाईंसाठी ते लावून बघ.

हाडवैद्यीण
मी फिजिओथेरपिस्ट आहे. रानजाई, तुमच्या मानेबद्दल आधी लिहिते, बाकीचं नंतर.

मानेचे मणके झिजले असतील तर सर्वांगासन, हलासन, शीर्षासन व्हिडिओ बघून अजिबात करू नका. शरीराचा भार मान वाकलेली असताना तिच्यावर येतो. मान गोल गोल जोरात फिरवणंही नको. उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, सावकाश आणि दुखायच्या आत थांबून, एवढं पुरे. हातात मुंग्या येत असतील किंवा पकड सैल वाटत असेल तर व्हिडिओ बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

काचबिंदू असणाऱ्यांनी उलटी आसनं टाळायची. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पाठीची कमान करून पुढे वाकणं टाळायचं, कारण त्याने मणका दबून मोडू शकतो. तुमच्या सासूबाईंच्या वयाला हे फार महत्त्वाचं आहे. पश्चिमोत्तानासन 'सगळ्यांसाठी' म्हणून सांगणारे व्हिडिओ मी पाहिलेत आणि मला त्यांची काळजी वाटते. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण यांत जोरदार कपालभाती नको.

आता व्हिडिओ निवडायचा कसा. मी पेशंटला सांगते की पहिल्यांदा बसून नुसता बघा, करू नका. हे कोणी करू नये ते शिक्षक सांगतो का? ज्याला जमत नाही त्याच्यासाठी दुसरा सोपा प्रकार दाखवतो का? पावलं चौकटीत दिसतात का? कित्येक व्हिडिओंत घोट्यापासून खाली कापलेलं असतं आणि उभ्या आसनांत सगळा पाया तिथेच असतो. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा ते सांगतो का? आणि आसनातून बाहेर कसं यायचं ते दाखवतो का? दुखापत आसनात जाताना होते तशीच घाईने बाहेर येतानाही होते. एखाद्या व्हिडिओत आजार बरा करण्याची हमी दिली असेल तर तो तिथेच बंद करावा.

पेठकरांना अर्धं अनुमोदन. कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो का याचा कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, 2017 चा आढावा आहे, 12 चाचण्या, 1080 माणसं. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांची हालचाल थोडी ते मध्यम सुधारली. पण त्याच आढाव्यात हेही आहे की योग करणाऱ्यांत कंबर जास्त दुखल्याच्या तक्रारी व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा जास्त होत्या. म्हणजे उपयोग आहे, पण जपून.

चिंचोळा_बोळ
हाडवैद्यीणताई, हा प्रतिसाद छापून भिंतीला लावतो.

बाकी आमच्याकडे शवासन सगळ्यांना पहिल्या दिवसापासून उत्तम जमतं. बाबांना तर इतकं साधलंय की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. :)

धंतोलीकर
नागपुरात असाल तर हा प्रश्नच पडू नये बापा. जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे वर्ग गावभर चालून राहिले, तेही फुकट. स्वामी गेले 1978 मध्ये, पण काम थांबलं नाही. आमच्या वर्गात निवृत्त तहसीलदार शिकवतात आणि शिकायला भाजीवालीपासून प्राध्यापकापर्यंत सगळे. कुणी एक पैसा घेत नाही.

रानजाई, चिपळुणात बाईंच्या हाताखाली तयार झालेलं कुणीच नाही का? तुमच्या वर्गातल्याच चारजणी मिळून शाळेच्या एखाद्या खोलीत जमलात तर? एकीने सांगायचं, बाकीच्यांनी करायचं, आठवड्याला पाळी बदलायची. एकट्याने व्हिडिओ लावला की पावसाळ्यात पांघरूण जिंकते.

तांबडं_फुटलं
अनुमोदन. पांघरूण जिंकतं ते आमच्याकडे बाराही महिने.

शुभ्रा_कोथरूड
प्रतिसाद वाचतेय, एक अडचण कुणी लिहिली नाही. डावं-उजवं! शिक्षक समोर तोंड करून 'उजवा पाय पुढे' म्हणतो आणि आरशासारखा स्वतःचा डावा पाय पुढे टाकतो. काहीजण खरंच उजवा टाकतात. मग आपण बघून करायचं की ऐकून? अर्धमत्स्येंद्रासनात तर हातापायांची गाठ बसते.

दुसरी अडचण म्हणजे मोबाइल. जमिनीवर ठेवला तर भुजंगासनात मान वाकडी करून बघावं लागतं. टीव्हीवर लावला तर पाठीवरच्या आसनांत काहीच दिसत नाही. आणि शवासनात, सगळं शांत झालेलं असताना, मध्येच बनियनची जाहिरात किंचाळते.

हाडवैद्यीण
शुभ्रा, जाहिरातीचं हसण्यावारी नेऊ नका, दचकून उठताना मान लचकते. आणि मान वळवून पडदा बघणं हे माझ्या मते घरच्या योगातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. त्रिकोणासनात असताना पडद्यासाठी डोकं फिरवायचं म्हणजे पिळलेल्या मानेला आणखी पीळ.

आबा_संगमनेर
शुभ्राताईंच्या अडचणीवर माझा उपाय लिहितो. मी 67 वर्षांचा, मराठीचा निवृत्त शिक्षक.

व्हिडिओ मी फक्त रविवारी बघतो, तोही हातात कागद घेऊन. पंधरा-सोळा आसनं ठरवली आहेत. लग्नपत्रिकांची जाड पाठ कोरी असते, तिच्यावर प्रत्येक आसनाचं काड्यांचं चित्र काढलंय. डोक्याला गोल, पाठीला एक रेघ, हातापायांना चार. बाजूला बाण काढून 'श्वास घे', 'श्वास सोड'. खाली लाल पेनने एकच सूचना. भुजंगासनाखाली लिहिलंय, 'कोपर अंगाशी, ढुंगण सैल.' शलभासनाखाली, 'हनुवटी टेकलेली.' पत्रिका भिंतीशी ओळीने उभ्या लावतो. सोमवार ते शनिवार पडदा बंद. नजर गेली तर तिरप्या डोळ्याने चित्र दिसतं, मान हलवावी लागत नाही.

श्वासासाठी नातवाने माझ्याच आवाजात सूचना मोबाइलवर मुद्रित करून दिल्यात. 'आता सावकाश कुशीवर वळा' असं मीच मला सांगतो. बायको म्हणते, एवढं प्रेमाने तुम्ही वर्गातल्या पोरांशी बोलला असतात तर!

रानजाई
आबा, हे भारी आहे! आजच जुन्या पत्रिका काढते, माळ्यावर पिशवीभर आहेत.

जाई_ऑस्लो
आवाजाच्या मुद्रणाला माझंही अनुमोदन. मी आता व्हिडिओ बघत नाही, फोन पालथा ठेवून फक्त ऐकते. ज्या व्हिडिओतलं नुसतं ऐकून करता येतं तो चांगला व्हिडिओ, इतकी सोपी कसोटी लावते. जो शिक्षक 'असं करा, हे बघा, असं' म्हणतो त्याचं ऐकून काही कळत नाही. जो 'डाव्या पायाची बोटं बाहेर वळवा' म्हणतो त्याचं कळतं.

माळरान
अॅप कुणी वापरतं का? मी डाऊन डॉग वापरतो. किती मिनिटं, कोणती पातळी, सूचना किती हव्यात, आवाज कोणाचा, सगळं आधी निवडता येतं आणि त्याप्रमाणे ते क्रम जुळवून देतं. रोज थोडं वेगळं येतं म्हणून कंटाळा येत नाही. पैसे भरावे लागतात आणि भाषा मराठी नाही, हे आहेच.

पेठकर
माळरान, रोज वेगळं यायलाच माझा आक्षेप आहे. कंटाळा आला म्हणून आसन बदललं की ते आसन कधीच उमगत नाही. काल त्रिकोणासनात मागची टाच जड झाली होती का, आज होतेय का, हे कळायला तेच आसन परत करावं लागतं.

माळरान
पेठकर, सगळ्यांना साधक व्हायचं नसतं हो. मला दिवसभर गाडी चालवून आखडलेली कंबर मोकळी करायची असते. रोज तेच असतं तर मी पंधरवड्यात सोडलं असतं. जे टिकतं ते माझ्यासाठी चांगलं.

पेठकर
टिकतं हे मान्य. सोडण्यापेक्षा कधीही चांगलं.

ओवी_सातारा
थोडं अवांतर, पण निवडीशी संबंध आहे. सूर्यनमस्काराचे चार व्हिडिओ पाहिले आणि चारांत चार तऱ्हा. नेमका खरा कोणता?

कल्याण_जलद
ओवीताई, तुम्ही साताऱ्याच्या, तुमच्या शेजारी औंध! औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीच सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला. संस्थानातल्या शाळांत सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली.

आबा_संगमनेर
औंधच्या पद्धतीत दहा स्थिती. आज बहुतेक व्हिडिओंत दिसतात त्या बारा, ज्यात एक पाय मागे नेऊन अश्वसंचालनासन येतं. म्हैसूरच्या अष्टांग योगपरंपरेतल्या सूर्यनमस्काराच्या पहिल्या प्रकारात पाय एकदम मागे जातात, अश्वसंचालन नाहीच. आम्ही शाळेत रथसप्तमीला घालायचो ते साष्टांगात छाती आणि हनुवटी टेकवून. यात खरा-खोटा कुणी नाही. पण आज एक, उद्या दुसरा असं केलं की शरीराला लय सापडत नाही आणि श्वासाचा मेळ चुकतो. एक धरा आणि वर्षभर तोच घाला.

ओवी_सातारा
धन्यवाद आबा. मग मी घरचाच धरते, औंधचा!

वाऱ्यावरची_वरात_नाही
सतरंजी की मॅट? आमची फरशी गुळगुळीत, मॅट घसरते. आजोबा घोंगडीवर करायचे.

शुभ्रा_कोथरूड
फरशीवर सतरंजी घसरते, सतरंजीवर मॅट घसरत नाही. उभ्या आसनांसाठी मॅट, झोपून करायच्या आसनांसाठी वर घोंगडी. फार जाड, मऊ मॅट घेऊ नका, वृक्षासनात पाऊल डगमगतं. चार ते सहा मिलिमीटर पुरते.

पेठकर
आणि साधनांवर पैसे घालवायची गरज नाही. पट्ट्याच्या जागी सुती ओढणी किंवा धोतराची घडी. विटेच्या जागी कागदात घट्ट गुंडाळलेली खरी वीट, नाहीतर दोन जाड पुस्तकं दोरीने बांधून. लोड तर प्रत्येक घरात असतो. तो पाठीखाली आडवा नाही, मणक्याच्या रेषेत उभा ठेवून, डोक्याखाली घडी केलेली चादर घालून पाच मिनिटं पडून राहा. हनुवटी कपाळापेक्षा खाली हवी. बँकेतून आल्यावर रानजाईंच्या खांद्यांना याने फार बरं वाटेल. हाडवैद्यीणताई, चालेल ना?

हाडवैद्यीण
उत्तम. लोड कडक असेल तर त्याऐवजी चादरीची लांब घडी.

मोगरा_७२
कपालभाती टाळा असं वर लिहिलंय, पण आमच्याकडे घरातले सगळे टीव्हीवर बघून वर्षानुवर्षं करतात. अर्धा अर्धा तास. मग ते सगळं चुकीचं का?

हाडवैद्यीण
मोगराताई, निरोगी माणसाने बेताने केलं तर हरकत नाही. माझा आक्षेप त्या अर्ध्या अर्ध्या तासाला आणि टीव्ही बघून करण्याला आहे. टीव्हीवर समोर हजारभर माणसं बसलेली असतात, त्यात कोणाला रक्तदाब आहे, कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, हे सांगणाऱ्याला दिसत नाही. चक्कर आली, डोकं जड झालं, छातीत धडधडलं की थांबायचं. 'सहन करा, शुद्धी होतेय' असं कोणी म्हणालं तर ऐकायचं नाही.

आबा_संगमनेर
पुस्ती जोडतो. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात नाहीच, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्याबरोबर षट्कर्मांत आहे. म्हणजे साफसफाईचं काम. साफसफाई अर्धा तास रोज कशाला? त्याच ग्रंथात योग कशाने बिघडतो त्या सहा गोष्टी सांगितल्यात, 'अत्याहारः प्रयासश्च प्रजल्पो नियमाग्रहः.' त्यात 'प्रयास' आहे, म्हणजे शरीराला शिणवणारी अतोनात मेहनत. हा श्लोक व्हिडिओ बनवणाऱ्यांनी पाठ करावा असं मला मनापासून वाटतं.

लोणावळा_घाट
या अंगाने बघायचं तर कैवल्यधामचं साहित्य बघा. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक. त्या काळात ते क्षकिरणांची छायाचित्रं काढून, दाब मोजून उड्डियान आणि नौली या पोट आत ओढून करायच्या क्रियांत पोटात काय होतं ते तपासत होते. त्यांच्या लिखाणात आसन कुणी करू नये हेही बारकाईने येतं. संस्थेचे व्हिडिओही आहेत. चकचकीत नाहीत, पण विश्वास ठेवावा असे आहेत.

सोनटक्का
पाळीच्या दिवसांत काय करायचं, यावर व्हिडिओंत एकेक जण वेगळं सांगतो.

पेठकर
गीता अय्यंगार यांचं बायकांसाठी वेगळं पुस्तक आहे, त्यात पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचा काळ असं सगळं सविस्तर आहे. आमच्याकडे त्या दिवसांत उलटी आसनं आणि पोटावर ताण देणारी आसनं करत नाहीत, लोड-खुर्चीच्या आधाराने विश्रांतीची करतात.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरवलं ते सांगते. माझ्यासाठी आयुषचाच क्रम धरलाय, कारण त्यातलं बरंचसं बाईंनी शिकवलेलंच आहे. अर्धहलासन तूर्त गाळलं. पत्रिकांवर चित्रं काढून झाली, काड्यांची माणसं सासूबाईंनी काढली आणि त्यांना त्यांनी अंबाडे घातलेत. :) वर्गातल्या दोघीजणी शनिवारी घरी यायला तयार आहेत, धंतोलीकरांचे खास आभार.

आता सासूबाईंचं सांगा. योग इन्स्टिट्यूटचे व्हिडिओ त्यांना कळतायत, आवडलेत. पण खाली बसता येत नाही, तर रोज नेमकं काय करू द्यावं?

हाडवैद्यीण
बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीत पवनमुक्तासनाचे तीन गट आहेत. त्यातला पहिला गट सांध्यांसाठीचा. मुंगेरच्या या विद्यालयाच्याच 'आसन प्राणायाम मुद्रा बंध' या पुस्तकात, 1969 पासून, चित्रांसह आहे. मुळात जमिनीवर पाय पसरून करायचा, पण बराचसा खुर्चीत होतो.

खुर्ची लाकडी, बिनचाकाची, हात नसलेली आणि भिंतीला टेकवलेली. पायांच्या बोटांपासून सुरू करा. बोटं मिटणं-उघडणं, पाऊल पुढे-मागे, घोटा गोल. मग एक पाय सरळ उचलून गुडघ्याची वाटी आवळायची, पाच मोजायचे, सोडायचं. गुडघेदुखीत हे सगळ्यात कामाचं. मग हाताची बोटं, मनगट, कोपर, खांद्यावर बोटं ठेवून कोपरं गोल फिरवणं. शेवटी मान. प्रत्येक हालचाल श्वासाबरोबर आणि डोळे मिटून नाही, उघडे ठेवून, तोल जायला नको म्हणून. सुरुवातीला सगळं मिळून पंधरा मिनिटं.

रानजाई
हे त्यांना आजच वाचून दाखवते. आणि एक राहिलंच. काल बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रोज नाही, पण महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बघेन, तू करून दाखव, मी बोलणार नाही, शेवटी सांगेन.

पेठकर
रानजाई, हे झालं ना! आता माझी काहीच तक्रार नाही. महिनाभराच्या घरच्या सरावाला तेवढी एक नजर पुरते.

फोन फार उंच ठेवू नका, वरून पाय दिसत नाहीत. कमरेच्या उंचीच्या स्टुलावर, तुमच्यापासून आठ-दहा फुटांवर, आडवा. उभी आसनं समोरून दाखवा, पुढे-मागे वाकायची आसनं एका बाजूने. खिडकी फोनच्या मागे हवी, तुमच्या मागे असेल तर त्यांना नुसती सावली दिसेल. कुर्ता ढगळ नको, गुडघा आणि कंबर दिसली पाहिजे.

रानजाई
कमरेच्या उंचीचं स्टूल नाही. शिलाई मशीनवर ठेवलं तर चालेल?

पेठकर
पळेल.